ढोलातला रंग

माझ्या थोरल्या साडूंनी मला फसवलं. एकदा नाही, लागोपाठ तीन वर्षं फसवलं, आणि त्यात माझी बायको सामील होती. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल मी जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की मला हा माणूस आवडतो. आवडतो की नाही हा वेगळा मुद्दा आहे. फसवलं ते फसवलं.

आमच्या आखाडा बाळापूरच्या बाजूला हळद पिकवणारे गावोगाव आहेत, पण स्वतःच्या हळदीपेक्षा दुसऱ्याच्या हळदीची जास्त काळजी करणारा माणूस देवाने एकच घडवला, आणि तो नेमका माझ्या सासऱ्यांनी माझ्या आधी जावई म्हणून निवडून ठेवला. साखरा गावच्या दोघी बहिणी एकाच गावात दिल्या, थोरली त्यांना आणि धाकटी मला. घरं इतकी जवळ की त्यांच्या ओसरीवर कुणी शिंकलं तर माझ्या घरात आशीर्वाद द्यावा. त्यामुळे या माणसापासून पळून जायची सोय मला कधीच नव्हती.

साडूभाऊ जन्मापासून असे नव्हते. तीन एकर वावर, दोन बैल आणि कमी बोलणं, असा साधा माणूस होता. मग एका वर्षी कळमनुरीला हळदीच्या सुधारणेचं तीन दिवसांचं शिबिर झालं. गावातून पाचजण गेले होते. चौघं जेवण चांगलं होतं म्हणून सांगत परत आले. साडूभाऊ एक कापडी पिशवी, एक वही आणि कधीही न उतरणारा ताप घेऊन परत आले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गावातल्या कुणाच्याही अंगणात शिरायला सुरुवात केली. वाळत घातलेल्या हळदीतून एक कांडी उचलायची, कानाजवळ धरायची, डोळे मिटायचे आणि कट्कन मोडायची. धातूसारखा आवाज आला तर मान हलवून पुढच्या घरी. नाही आला तर जाहीर करायचं, "अजून दोन दिवस. आत पाणी हाय. अशीच भरली तर गोणीत बुरशी धरंल." मालक घरात असो नसो, जेवत असो, भांडत असो, साडूभाऊंना फरक नाही. बाळापूरच्या बाजारातही हा प्रकार चालायचा. एक किराणावाला तर त्यांना लांबून पाहिलं की हळदीच्या बरणीपुढे साबणाच्या वड्या मांडून ठेवायचा.

लग्नाकार्यात तर त्यांना नेणं म्हणजे जोखीम. नात्यातल्या एका पोरीची हळद होती. सुवासिनी जमल्या, वाटी फिरली, पहिलं बोट नवरीच्या गालाला लागणार एवढ्यात साडूभाऊ मांडवात उभे राहिले आणि म्हणाले, "थांबा. ही हळद कुणाच्या घरची?" वरमाय घाबरली. तिला वाटलं, काही शिवाशिव, काही विटाळ निघाला. पुडा दुकानातून आणलाय असं कळल्यावर यांनी वाटीतली चिमूट पाण्याच्या पेल्यात टाकली, पेला उन्हात धरला आणि पाण्याला भेसळीच्या रंगाचा पिवळा ढग आलेला सगळ्या मांडवाला दाखवला. मग स्वतः घरी जाऊन स्वतःच्या वावरातली हळद घेऊन आले. तोवर सगळी वऱ्हाडी मंडळी ताटकळली. वरबाप मला म्हणाला, "हे पाव्हणे सरकारी हायेत का?" मी म्हटलं, "न्हाई, घरचेच हायेत. त्याचीच तकलीफ हाय."

जमिनीवर हळद वाळवणं त्यांना सहन होत नसे. मातीवर, शेणाच्या अंगणात, सडकेच्या कडेला कुणी हळद पसरली की ते ताडपत्री खांद्यावर टाकून हजर. गावाबाहेरच्या वाटेने मेंढरं-शेळ्या जायच्या, आणि शेळीला पिवळ्या रंगाचं काय आकर्षण असतं कोण जाणे, ती सरळ हळदीतून चालायची. एकदा त्यांनी एकाच्या हळदीतून एक लेंडी उचलली, मालकाच्या तळहातावर ठेवली आणि अगदी मोंढ्यातल्या दलालासारखं विचारलं, "ही कोणत्या भावानं देणार?" तो माणूस महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. पण दुसऱ्या वर्षी त्याच्या अंगणात ताडपत्री होती.

आणि प्रतीक्षेचं प्रकरण तर अजून आमच्या गावात निघतं. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की फवारल्यावर इतके दिवस थांबा, मग माल काढा. त्याला म्हणतात प्रतीक्षा कालावधी. साडूभाऊ भिंग लावून बाटल्या वाचायचे, पोथी वाचावी तसे, मोठ्याने. प्रत्येकाच्या वावरात कोणतं औषध पडलं आणि त्याला किती दिवस थांबायचं याची नोंद त्यांनी वहीत सुरू केली. आणि चहाच्या हॉटेलात बसून बजावायचे, "प्रतीक्षा संपल्याबिगर मालाला हात लावायचा न्हाई." कालावधी हा शब्द त्यांना लांब वाटायचा, म्हणून ते नुसतं प्रतीक्षाच म्हणायचे. ही गोष्ट शेजारच्या एका म्हातारीच्या कानावर गेली, तिथून अक्कांच्या. अक्का म्हणजे माझी थोरली मेव्हणी, साडूभाऊंची बायको. अक्कांनी वही उघडली. पहिल्याच पानावर होतं, मारोतीच्या वावरात प्रतीक्षा चौदा दिवस. गणपतच्या वावरात प्रतीक्षा एकवीस दिवस. अक्का वही घेऊन तरातरा माझ्या घरी आल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "ही कोण बया गं? सगळ्या गावाच्या वावरात मुक्काम करून राहिली!" माझी बायको म्हणाली, "आपल्या वावरात किती दिवस लिवलंय?" अक्कांनी पान उलटलं आणि म्हणाल्या, "एक बी दिवस न्हाई." त्यावर दोघींनाही काय वाटावं ते कळेना. शेवटी साडूभाऊंनी बाटली आणून त्यावरचं नाव दाखवलं तेव्हा अक्का शांत झाल्या. पण गावाने हा शब्द सोडला नाही. आजही आमच्याकडे लोक एकमेकांना विचारतात, "काय रे, गेली का ती तुझ्या वावरातून?" आणि समोरचा सांगतो, "न्हाई, चार दिवस हाय अजून." शिबिरातून सांगून जे कुणी पाळलं नसतं ते या चेष्टेमुळे सगळ्यांनी पाळलं. जो पाळत नाही त्याला बायका विचारतात, "तिला अर्ध्यातून हाकलली का?"

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर फसवणूक समजणार नाही. मी मोंढ्यात, म्हणजे मालाच्या घाऊक बाजारात, पाठीवर पोती वाहिली आहेत. वाहता वाहता भाव कसा होतो ते पाहिलं. खरेदीदार गोणीत हात घालतो, मूठभर कांडी वर काढतो, उन्हाकडे धरतो आणि बोली लावतो. चावून कुणी पाहत नाही, हुंगूनही फारसं नाही. डोळ्याला जे बरं दिसलं त्याला भाव. हे ज्ञान मी पाठीवर ओझं घेऊन मिळवलं. त्यातूनच पुढे चार एकर वावर घेतलं आणि हळद घासायचा ढोल घेतला. शिजवून वाळवलेली हळद या लोखंडी पिंपात घालून फिरवली की वरची साल निघते आणि कांडीला चमक येते. गावातली बहुतेक हळद माझ्याच ढोलातून जाते, म्हणून साडूभाऊ मला शेठ म्हणतात. मानाने नाही, डिवचायला.

शहरातून तेव्हा एक माणूस पिवळ्या भुकटीच्या पुड्या घेऊन यायचा. पुडीवर नाव नाही, कारखाना नाही, काही नाही. ढोलाच्या शेवटच्या फेऱ्यांत ती पाण्यात कालवून शिंपडली की मळकी कांडीसुद्धा दसऱ्याच्या झेंडूसारखी दिसायची. गावकऱ्यांच्या हळदीत मी ती कधी घातली नाही, त्यांनी सांगितलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या मालात घालायचो. ढोल घेतल्यावरची पहिली चार वर्षं घातली. साडूभाऊंना हे कळलं तेव्हा ते माझ्या दारात उभे राहिले. "शेठ, हे लोकांच्या पोटात चाललंय." मी म्हटलं, "लोक डोळ्यानं घेतात साडूभाऊ, पोटानं न्हाई. त्यांना सांगा आधी." ते म्हणाले, "उद्या कुणाचं लेकरू आजारी पडलं तर?" मी म्हटलं, "मी पाठीवर पोती वाहत होतो तवा माझ्या लेकराची चौकशी कोण करत होतं?" मला राग लवकर येतो. चार वर्षं दर हंगामात आमचं हे भांडण व्हायचं आणि दर वेळी आवाज माझा मोठा असायचा.

मग एका हंगामात ते भांडायलाच आले नाहीत. मोंढ्यात समोरचा एकदम गप्प झाला की मी सावध होतो, हात आखडतो. घरात मला हा नियम आठवला नाही. मी समजलो, जिंकलो, आणि पुड्या घेतच राहिलो. उलट मीच मूठभर कांडी घेऊन त्यांच्या अंगणात जायचो. "पाहा साडूभाऊ. याला म्हणतात रंग. तुमची सुधारलेली हळद याच्यापुढं पिठासारखी दिसती." ते कांडी उन्हाकडे धरायचे, कान खाजवायचे आणि म्हणायचे, "व्हय. रंग चांगला हाय." तीन वर्षं असं चाललं. तीन वर्षं मी त्यांना शिकवत होतो.

यंदा साडूभाऊंनी दोन वर्षं घरोघर फिरून जमवलेली गोष्ट झाली. गावातल्या बावीस घरांची हळद एकत्र करून बाहेरच्या एका मसालेवाल्या कंपनीला द्यायची ठरली. कंपनीकडून एक पन्नाशीच्या मॅडम आल्या. त्यांनी चावडीसमोर बसून विचारलं, "प्रतीक्षा कालावधी सगळ्यांनी पाळला का?" तर सगळे पुरुष हसायला लागले आणि बायकांनी तोंडाला पदर लावले. मॅडम गोंधळल्या. भाव करायला गावाने मला पुढे केलं. मी दोन तास बसलो, तीनदा उठून निघालो, एकदा तर चप्पलही घातली, आणि मॅडमनी म्हटलेल्या भावापेक्षा चांगला भाव घेऊनच थांबलो. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. पण प्रत्येकाच्या गोणीतली मूठ एकत्र करून मी तपासायला पाठवणार. रंग किंवा औषध सापडलं तर कुणाचं ते मी शोधणार नाही. सगळा माल परत, आणि पुन्हा या गावात मी येणार नाही." मग बिनरंगाची हळद आहे असं लिहिलेल्या कागदावर एकेकाने सही केली. माझी पाळी आली. ज्याने सगळ्यांसाठी भाव केला तो, माझ्या गोण्या वगळा, असं कोणत्या तोंडाने म्हणणार? साडूभाऊ शेजारीच उभे होते. म्हणाले, "शेठ, बराबर हाय ना?" मी म्हटलं, "बराबर हाय." त्यांनी कान खाजवला. मी सही केली.

मूठ तपासायला गेली. निकालाची वाट पाहणारी बावीस घरं आणि माल परत का येणार ते माहीत असलेला मी एकटा. कोपऱ्यावरच्या घरची शेवंताबाई, जिने एकटीने सगळी हळद ताडपत्रीवर वाळवली, दर संध्याकाळी उचलली, दर सकाळी पसरली, ती मला रस्त्यात थांबवून म्हणाली, "शेठ, तुमच्या जिभेनं आमचा माल बरा गेला. तुमचं चांगलं होवो." मी तिच्यावर खेकसलो, "अजून गेला न्हाई!" ती बिचारी बाजूला सरकली. नवव्या दिवशी सकाळी मला राहवलं नाही. साडूभाऊ अंगणात ताडपत्री धूत होते.

"मॅडमला फोन लावा," मी म्हटलं. "माझ्या गोण्या काढून टाका म्हणावं. बाकीच्यांची मूठ नव्यानं घ्या म्हणावं."

"काहून?"

"रंग हाय त्यात."

ते ताडपत्रीवर पाणी ओतत राहिले. "किती?"

"दरवर्षी असतो तेवढा."

"मंग काही न्हाई."

"काही न्हाई म्हंजे?"

"दरवर्षी असतो तेवढा म्हंजे काहीच न्हाई. अगं ए, शेठला पेटी दाखव."

अक्कांनी खाटेखालची लोखंडी पेटी ओढली आणि कुलूप काढलं. आत माझ्या पुड्या होत्या. तीन वर्षांच्या, न फोडलेल्या, सुतळीने बांधलेल्या, प्रत्येकीवर वर्षाची चिठ्ठी. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, हात लावू नये. "फेकल्या तर जमिनीत जातील, जाळल्या तर हवेत," साडूभाऊ म्हणाले. "काय करावं म्हणून तालुक्याला दोनदा अर्ज दिलाय. उत्तर न्हाई."

मी घरी आलो. बायको भाकरी थापत होती.

"तुला माहीत होतं?"

"मीच तर कालवत होते बादलीत."

"काय कालवत होतीस?"

"हळद. तुकडे पडतात ना, ते आमी दोघी बहिणी दळून आणायचो. दाजी म्हणाले, शेवटच्या फेऱ्याला हळदीचंच पाणी शिंपडा, जुने लोक तेच करायचे. अन् कच्चा माल उपटला की लगेच शिजवायचा, पडू द्यायचा न्हाई. रंग आपला आपण येतो."

मला आठवलं. तीन वर्षं ती माझ्या मागे लागायची, आजच शिजवा, उद्यावर टाकू नका, आणि मला वाटायचं तिला कामाची हौस आली. "मला सांगायचं काहून न्हाई?" मी ओरडलो.

"सांगितलं असतं तर तुमी सोता कालवाय बसले असते." तिने तव्यावरची भाकरी उलटली. "अन् मला दाजींनी काही फूस लावली न्हाई. तुमी दरवर्षी ढोल फिरवायच्या आधी घरच्या खाण्याची हळद बाजूला काढून ठेवत होते. चार वर्षं पाहिलं मी. मंग मीच अक्काकडं गेले."



दोन दिवसांनी निकाल आला. रंग नाही, औषध नाही, ओल बेताची, बुरशी नाही. माल गेला. मॅडमनी फोनवर असंही विचारलं म्हणे की त्या मुठीत काही कांड्या फार सुरेख रंगाच्या होत्या, त्या कुणाच्या. शेवंताबाईने माझ्या घरी पेढे आणून दिले. गाव चावडीवर बसून हसत होतं आणि मी त्यांच्यात बसून खूप दिवसांनी पोटभर चहा प्यालो. पाठीवरून गोणी उतरली की हमालाला क्षणभर आपण वर उचलले गेल्यासारखं वाटतं. तसंच वाटत होतं. पण ते झाल्यावर मी उठलो आणि सरळ साडूभाऊंकडे गेलो. म्हटलं, "तुमाला सगळं माहीत होतं. मंग नऊ दिवस मला काहून जाळलं?"

त्यांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, प्रतीक्षा पंधरा दिवस.

"सही करताना तू खोटं बोलला शेठ," ते म्हणाले. "ते खरं निघालं त्यात तुझा हात न्हाई. म्हटलं, किती दिवसांत उतरतंय ते बघू. मी पंधरा धरले होते. तू नवव्या दिवशी आला. चांगला हायेस तू."

मला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला. पण त्यांच्या दारातून उठवेना. कारण आकडा माझ्या डोक्यात बसला होता. ढोल घेऊन मला सात वर्षं झाली. तीन वर्षांच्या पुड्या पेटीत आहेत. त्याआधीच्या चार वर्षांच्या कुठे आहेत ते मला माहीत आहे. त्या कुणाच्या तरी वरणात गेल्या, कुणाच्या पोरीच्या गालाला लागल्या, कुणी ताप आलेल्या लेकराला दुधातून पाजल्या. ती माणसं मला माहीत नाहीत, माझा माल कुठल्या गावाला गेला तेही माहीत नाही. ते परत बोलावता येत नाही. पुड्या विकणारा माणूस आता इकडे फिरकत नाही. तो भेटला असता तर त्याची गचांडी धरली असती आणि निम्मा राग तिथे गेला असता. आता सगळाच माझ्याकडे आहे.

मी साडूभाऊंना विचारलं, "मला फसवायचं इतकं सोपं होतं, तर पहिल्याच वर्षी काहून न्हाई फसवलं? चार वर्षं नुसतं दारात येऊन भांडत काहून बसले?"

प्रत्येक गोष्टीला ज्यांच्याकडे मुदत आणि नोंद असते, त्या माझ्या साडूंनी वही मिटून बाजूला ठेवली. मग ताडपत्रीची घडी घालू लागले. एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघांनी मिळून घडी घातली, आणि त्यांनी ती उचलून भिंतीला लावून ठेवली.

मी मोंढ्यातला माणूस आहे, हवं ते घेतल्याशिवाय बैठकीतून उठत नाही. रोज दुपारी मी त्यांच्या अंगणात जाऊन बसतो आणि तेच विचारतो. माझ्या साडूंनी मला तीन वर्षं फसवलं, ते मी माफ केलं. पण चार वर्षं फसवलं नाही, त्याचा जाब त्यांनी मला दिलाच पाहिजे.